अँगल ठोकायचं मशीन आणि पहारवाली मावशी

पहारवाल्या मावशीमुळं मी हसनाबादेत टिकलो, हे आधी लिहितो, बाकीचं मागून. पहारीनं खड्डे खोदून कंपाउंडचे लोखंडी अँगल गाडणारी ही रोजंदारीवरची बाई, माझ्या नात्याची ना गोत्याची. आणि जिनं मला वाचवलं, तिच्यावरच मी तेव्हा सगळ्यात जास्त संशय घेत होतो.

मी गोंदियाकडचा, धानाच्या मुलखातला. शाळा सातवीत सोडली, हार्वेस्टरच्या टोळीसोबत इकडे आलो आणि एका मालकांच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर म्हणून राहिलो. रानडुकरं अन् रोही, म्हणजे नीलगायी, मका ठेवत नव्हते, म्हणून जो तो शेताला तारेचं कंपाउंड करायला लागला होता. मालकांनी ठरवलं, ट्रॅक्टरमागं लावून अँगल ठोकायचं मशीन घ्यायचं आणि गावोगावची कामं धरायची.

"चालवणार तू, तर निवडणारबी तूच," मालक म्हणाले. "बराबर निघालं तर मशीन तुझ्या हाती. फसलं तर मंग गोंदियाची गाडी धर."

ते हसत म्हणाले, पण मला झोप लागेना. मालकांना उद्या खापर फोडायला एक डोकं हवंय, म्हणूनच मला विचारतायत, असं मनात बसलं.

भोकरदनजवळच्या एका शेतात विक्रेत्यानं मशीन दाखवायला बोलावलं. जमिनीचं तिला कळतं म्हणून मालकांनी मावशीलाही सोबत घेतलं. मला ते पटलं नाही. मशीन आलं की हिचं खड्ड्याचं काम जाणार. अशी बाई खरं कशाला सांगेल? ती मागं ट्रॉलीत बसली होती. मालक माझ्याशेजारी मडगार्डवर. मी त्यांच्या कानाला लागलो, "मावशीचं ऐकू नका. तिचा यात तोटा आहे."

तिथं दोन मशीनं उभी होती. वजन वर उचलायचं आणि अँगलच्या डोक्यावर सोडायचं, काम दोघांचं एकच. धाकटं लालभडक, नवंकोरं. मोठं मळकट, धूळ बसलेलं. विक्रेता तारीफ करायचा ती धाकट्याचीच. त्यानं दिलेला कागद इंग्रजीत होता. मी तो दोन्ही बाजूंनी पाहिला आणि वाचल्यासारखी मान हलवली.

धाकट्यानं पाच-सात ठोक्यांत अँगल अडीच फूट आत घातला. मालक खूश. मी अँगल हलवून पाहिला, हलेना. इतकं सोपं कसं, अशी शंका आली, पण खोट कुठं शोधायची तेच कळेना.

मावशी खाली बसली. पहारीनं अँगलशेजारी उकरून तिनं माती मुठीत दाबली. मुठीतून लाडूच निघाला.

"वरून धूळ अन् आत चिखल. भाऊ, परवा पाणी सोडल्तं का इथं?"

"मावशी, तुम्ही मशीन बघायला आल्या की माती?" विक्रेता म्हणाला.

"मशीन तर तुम्ही दाखवूनच राह्यले. माती कोणी दाखवंना, म्हटलं आपणच बघावी."

मालक हसले. मला वाटलं, निघाली ही सौदा मोडायला. तेवढ्यात ती बांधाकडं चालू लागली. दर चार पावलांवर पहार उचलायची, सोडायची, कान द्यायची. धप. धप. मग एका जागी खण्ण.

"इथं मुरूम वर हाय. इथं ठोका."

तिथं धाकट्या मशीनचं वजन अँगलवर नुसतं उड्या मारायला लागलं. अँगल फूटभर जाऊन अडला आणि त्याचं डोकं दुमडलं.

"ही जमीनच खराब आहे," विक्रेता म्हणाला.

"आमची समदी अशीच खराब हाय," मावशी म्हणाली, आणि माझ्याकडं वळली. "नुसत्या काळ्या मातीत कोणतंबी मशीन अँगल घालंल. उन्हाळ्यात भेगा पडल्या की तो दुखऱ्या दातासारखा हलतो. खाली मुरुमात हातभर शिरला, तरच धरतो."

मग मी स्वतः मोठं मशीन ट्रॅक्टरला जोडलं. त्याला आधी मुरुमात भोक पाडायची जाड सळई होती. बांधाच्या उतारावर मावशीनं सुतळीला दगड बांधून ओळंबा केला आणि वजन ज्यावर खालीवर होतं त्या मशीनच्या खांबाशी धरला. ट्रॅक्टर कलता होता, तरी खांब सरळ करता आला. अँगल मुरुमात गेला, डोकं शाबूत.

"बोल," मालक म्हणाले.

मी मोठ्या मशीनकडं बोट केलं. "मोठं. पण उचलताना आपल्या ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात. पुढं वजन लावावं लागेल."

मालक आधी मावशीकडं बघतील असं वाटलं. ते माझ्याकडंच बघत होते. "लावू की," म्हणाले.

परत येताना चहाला थांबलो. मालक फोनवर बोलत होते तेव्हा मी मावशीला विचारलं, "तुमचं काम जाणार, तरी खरं का सांगितलं?"

"धानवाल्या, ट्रॅक्टरवर कानात बोलायचं म्हटलं तरी माणसाला वरडावं लागतं. तुझं समदं ऐकल्तं मी." ती फुर्र करून चहा प्याली. "मशीन आज न्हाई तर उद्या येणारच. पण ढिले अँगल पडले असते तर मालकानं तुला हाकललं असतं, अन् ते उपटून पुन्हा गाडायला मलाच बोलावलं असतं. एकच काम दोनदा करायची मला बिलकुल आवड न्हाई."

उन्हाळ्यात भेगा पडल्या तेव्हा मी मोठ्या मशीननं ठोकलेला एकेक अँगल हलवत सगळी रांग फिरलो. एकही हलला नाही. आता नव्या शेतावर मी मावशीला आधी पहार टाकून मुरूम बघायला नेतो. मालक तिला त्याची रोजी देतात. पण तिच्या स्वतःच्या तीस गुंठे मक्याला अजून काट्यांचंच कुंपण आहे, आणि डुकरं त्यातून वाट काढतात. हे मशीन मालकांचं आहे. माझं स्वतःचं आलं की पहिले अँगल तिच्या बांधावर ठोकीन, चारही बाजूंनी, मुरुमात हातभर. ती ओळंबा धरून उभी राहील, आणि ती "सरळ हाय" म्हणेपर्यंत मी पुढचा ठोकणार नाही.