कितीकसे सर

आमच्या सरांना कुणी "बरं आहे का?" असं विचारलं की ते लगेच उत्तर देत नसत. "हा प्रश्न ‘किती’चा हाय का ‘कसा’चा?" हे आधी स्वतःशीच ठरवत आणि मग "‘कसा’चा हाय. बरं हाय," म्हणत. तोवर विचारणारा अर्धा रस्ता पुढे गेलेला असे. लातूरच्या कॉलेजात ते आम्हाला सांख्यिकी शिकवत. खरं नाव कागदोपत्रीच राहिलं. पोरांनी ‘कितीकसे सर’ असं बारसं केलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही असावं.

सर धर्माबादचे, मिरचीच्या व्यापाऱ्याचे चिरंजीव. चलांचे प्रकार शिकवायला त्यांना पुस्तक लागत नसे. माणसागणिक, वस्तूगणिक जे बदलतं ते चल, एवढं फळ्यावर लिहिलं की खडू खाली. "मिरचीचं पोतं तराजूवर चढतं, ते ‘किती’. तिखटपणा चढतो का? न्हाई. ही कमी तिखट, ही जास्त, ही ठसका लावणारी. क्रम लागतो, पण ही हिच्या दुप्पट तिखट, असं म्हणता येत न्हाई. तो ‘कसा’." मग घरातली माणसं मोजायची आणि माणसाची उंची मापायची, यातला फरक. "साडेतीन पाहुणे जेवायला आले, असं ऐकलं का कधी? उंची मात्र साडेपाच फूट असती." वर्ग हसायचा आणि हसता हसता शिकून जायचा.

एसटीच्या कंडक्टरलाही त्यांनी सोडलं नाही. "तुमचा बिल्ल्याचा नंबर मोठा, म्हणून तुम्ही दुसऱ्या कंडक्टरपेक्षा मोठे का? तो आकडा दिसतो, पण ते नाव हाय. नावांची बेरीज करता येत न्हाई." कंडक्टर बिचारा म्हणाला, "हाव सर, पण उतरा आता. स्टँड आलं."

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. पाट्यांचा रंग ओला होता, कचेऱ्यांत खुर्च्या होत्या तर माणसं नव्हती. दुष्काळ तेवढा जुन्या जिल्ह्यातून न विसरता सोबत आला होता. माझं गाव निलंग्याजवळ. आमच्या बौद्ध वस्तीची विहीर आटली होती आणि आई कोसभर लांबून पाणी आणत होती. तिचा निरोप आला, "टँकर लागला तर ठीक, न्हाई तर तू ये गावाकडं. एकटीनं पाणी पुरं पडून न्हाई राहिलं. शिक्षण पुढच्या साली बघू." आमच्या वस्तीतल्या कुठल्याच मुलीचं ते पुढचं साल आलेलं मी पाहिलं नव्हतं.

जिल्हा कचेरीनं विहिरींच्या पाहणीचं काम आमच्या वर्गाला दिलं. कॉलेजला मिळालेला हा पहिलाच मान, म्हणून सर चार बोटं वर चालत होते. भरपूर पाणी म्हणजे एक, थोडं म्हणजे दोन, कोरडी विहीर म्हणजे तीन, असे आकडे ठरले. ज्या गावाला तीन, तिथे टँकर. आमचा हुशार विलास तक्ता करायला बसला. सरांच्या सहीनं तक्ता कचेरीत गेला आणि दुसऱ्या दिवशी विलासनं त्याची नक्कल वर्गात वाचली. माझ्या गावापुढे ‘दोन, थोडं पाणी’.

मी उभी राहिले. "सर, आमच्या वस्तीवर थेंब नाही."

विलास म्हणाला, "बरोबर आहे, सर. मळ्याकडच्या विहिरींना एक आहे, वस्तीकडच्यांना तीन. सरासरी काढली. दोन आली."

सर खुर्चीवर बसले. रागावले नाहीत, पण चेहरा पडला. "अरे, नुसती क्रमाची नावं होती ती. नावांची सरासरी काढलीस?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, मळ्याच्या विहिरीत पाणी, तुमच्या विहिरीत धूळ. त्या ‘दोन’च्या विहिरीवर घागर घेऊन कोण जाणार? ती विहीर गावात हायच कुठं?"

तास अर्धा टाकून ते कचेरीत गेले. मागे विलास आणि मी. तिथले साहेब म्हणाले, "सर, एका गावासाठी सगळा तक्ता बदलायचा?"

"एका न्हाई, सगळ्याच गावांसाठी," सर म्हणाले. "न बघता सही मी केली. चूक माझी हाय, तसं लिहून देतो. फक्त हा तक्ता पुढं पाठवू नका." ज्या कामाचा त्यांना एवढा अभिमान, ते काम त्यांनी सगळ्यांदेखत चुकीचं ठरवलं. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. संध्याकाळपर्यंत आम्ही नवा तक्ता केला. कुठल्या वस्तीत किती विहिरी भरलेल्या, किती कोरड्या, नुसतं मोजून. सरासरीला त्यात जागाच नव्हती.

त्याच आठवड्यात आमच्या वस्तीवर टँकर आला. त्याच्याबरोबर सरही आले, आणि त्यांच्यासोबत मी. आईनं पहिला तांब्या त्यांच्यापुढे केला. व्यापाऱ्याच्या घरचा हा माणूस आमच्या दारात बसून तो गटागटा प्यायला आणि "अजून द्या, बाई," म्हणाला.

पुढे मी नांदेडला बरीच वर्षं सांख्यिकी शिकवली. सर निवृत्त होऊन धर्माबादला गेले, आणि गेल्या हिवाळ्यात तिथेच वारले. त्यांची कितीतरी वाक्यं मी वर्गात वापरली. पण माझं आयुष्य ज्यावर उभं राहिलं ते वाक्य आईचं आहे. त्या दिवशी सर पाणी पीत असताना, माझ्याकडे न बघता, घागर भरत ती म्हणाली, "आता तुझं इथं काय काम न्हाई. सरांसंगं लातूरला जा."