पंगतीतून उठवलेली माय

देवाने मला कधी खूण दिली नाही, आणि मीही कधी मागितली नाही. घर मारेगावकडचं, कपाशीचं शेत बऱ्यापैकी, आणि शेताहून मोठा माझा ताठा. आई आजारी पडली तेव्हा तिला दर आठवड्याला वणीच्या दवाखान्यात न्यावं लागे. जवळच गुरुद्वारा आहे. पहिल्याच खेपेला तिथल्या एका वयस्कर बाईंनी आईला लंगरात जेवायला बोलावलं, आणि ती आनंदाने पंगतीत बसलीही. मी दारातूनच म्हणालो, “माय, ऊठ. आपन मांगून खानारे आहो काय?” ताट बाजूला सारून ती मुकाट्याने उठली. तो गुरूचा प्रसाद आहे हे मला कळत नव्हतं, असं म्हणणं खोटं ठरेल. मला चारचौघांत खाली बसायची लाज वाटली.

पुढे मी औषधांच्या रांगेत लागलो की ती म्हणे, “तू ये सावकाश, मी बाहेर झाडाखाली बसतो.” परतताना तिच्या पदराला पीठ लागलेलं दिसे. मी कधी विचारलं नाही. पोळा झाला आणि ती गेली.

तेरवीनंतर तिचे कागद आणायला वणीला गेलो. सकाळपासून पोटात काही नव्हतं. गुरुद्वाऱ्यासमोर डोळ्यांपुढे अंधारी आली. जोडे सांभाळणाऱ्या एका म्हाताऱ्या सरदारजींनी मला सावरलं, स्वतःच्या हातांनी माझ्या चपला काढल्या, डोक्याला रुमाल बांधला आणि पंगतीत नेऊन बसवलं. पोळ्या वाढत त्याच बाई आल्या. त्यांनी मला ओळखलं.

“मायले उठवून नेनारे तुम्हीच नं? कशा आहेत त्या?”

मी सांगितलं.

“दर खेपेले पोळ्या लाटायले बसत जी. जेवून जा म्हटलं का म्हनत, ‘नाही बाई, पोराले आवडत नाही.’ कधी घासभर खाल्लं नाही त्यांनी.”

मी सवयीने एक हात पुढे केला. त्या पोळी धरून तशाच थांबल्या. तिथे दोन्ही हातांची ओंजळ करून पोळी घेतात. मी दुसरा हात जोडला आणि मला रडू फुटलं.

ही कृपा असेल, तर ती आईच्या वाट्याची होती. आता वणीला गेलो की मी लाटायला बसतो. माझ्या पोळ्या वाकड्या होतात, बाया हसतात. मग पंगतीत बसून पोटभर जेवतो, वर आणखी एक मागून घेतो. आपण मागून खाणारेच आहोत, माय. हे तुझ्या शेजारी बसून म्हणायला हवं होतं.