फौजी टोप्यांचे काका

“सावकाश धरा, मास्तर. आत माणूस हाय.”

कुठलीही टोपी हातात देताना काका हे म्हणायचेच. टोपी अर्थात रिकामी असायची.

काका मूळचे खारबावचे. भिवंडीत एका कारखान्यात लूम दुरुस्त करायचे आणि आमच्या चाळीत समोरच्या खोलीत राहायचे. एकाच वेडावर आयुष्य काढणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. काकांचं वेड जुन्या फौजी टोप्यांचं. आसपासच्या गावांतून पूर्वी पलटणीत गेलेल्यांची लोखंडी शिरस्त्राणं, रुंद कडांच्या हॅट, तुऱ्याचे फेटे. कामावरून आल्यावर अंगावरची रुई झटकल्याशिवाय ते पेटीला हात लावत नसत. लोखंडाला तेलाचा बोळा, कापडात कडुनिंबाचा पाला, आकार बिघडू नये म्हणून आत मऊ चिंध्या.

अकलोलीला एका म्हातारीच्या अंगणात कोंबड्या शिरस्त्राणात पाणी पीत होत्या. काकांनी त्याच्या बदल्यात तिला नवं घमेलं नेऊन दिलं आणि ओट्यावर बसून तिच्या सासऱ्याची सगळी हकिगत ऐकून आले.

एका हॅटच्या आत घामाचा काळा डाग होता. “धुऊन टाका की,” मी म्हणालो. काका दुखावलेच.

“घाम धुतल्यावर त्याचं काय ऱ्हायलं मग?”

कुठली टोपी कोणाची, कुठल्या गावची, सगळं त्यांच्या डोक्यात. लिहिता मात्र सहीपुरतंच यायचं. एकदा शंभर पानी वही घेऊन आले आणि माझ्या हातात दिली.

“तुमचं अक्षर चांगलं हाय. मी सांगतो, तुम्ही लिवा. रविवारी बसू.”

पहिल्या रविवारी मला पेपर तपासायचे होते. दुसऱ्या रविवारी लग्न होतं. पुढे कारणंही उरली नाहीत. एकदा तर मी आतल्या खोलीत असताना बायकोला सांगायला लावलं, घरात नाहीत म्हणून. काका “बरं बरं” म्हणत परत गेले.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. तेव्हा मी वही घेऊन धावलो. काकू चहा टाकायला आत गेल्या होत्या. मी एकेक टोपी काकांसमोर धरली. ओठ हलायचे, घशातून नुसता आवाज यायचा. चौथ्या टोपीला त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी डाव्या हाताने वही हळूच मिटली.

तीन महिन्यांनी काका गेले.

परवा काकूंनी मला बोलावलं. सगळ्या टोप्या खाटेवर मांडल्या होत्या.

“ज्याची त्याच्या घरी पोचवायची हाय, मास्तर. यांची तशीच इच्छा होती. झटका यायच्या आधी मला म्हणालेले, काळजी करू नको, मास्तरांनी समदं लिवून ठेवलंय.”

काकूंना वाचता येत नाही. “शोधून सांगतो,” म्हणून मी घरी आलो. वही कोरी आहे, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.