दोन कॅमेरे आणि एक तांबूस तारा

पौषातल्या एका बुधवारी सकाळी कोरीटचे माझे साडू वारले.

बिघाडाचा इतका आनंद होणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मिक्सरमधून जळका वास आला, पंपाने दम तोडला, की घरातल्या बाकीच्यांचे चेहरे उतरत आणि ह्यांचे डोळे चमकत. शेती मिरचीची, शिक्षण बी.एस्सी.पर्यंतचं, आणि गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत दुर्बीण. दुर्बिणीला लावायचा कॅमेरा त्यांनी एका प्राध्यापकाकडून वापरलेला घेतला होता. महिनोन्‌महिने मंदावत जाणारा आणि पुन्हा उजळणारा एक तांबूस तारा आहे. बारा वर्षं ते त्याचाच उजेड मोजत होते. अंधार पडला की फोटो, फोटोवरून आकडा, आकडा वहीत. मी नंदुरबारच्या कॉलेजात ग्रंथपाल होतो, त्यामुळे वहीला कव्हर घालायचा मान माझा.

त्यांचा नियम एकच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर दोष कशात होता ते कळत नाही. हा नियम कॅमेऱ्यापुरता राहता तर बरं होतं. वरण खारट झालं की ते अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीला, सांगत की उद्या फक्त मीठ कमी कर, बाकी सगळं असंच ठेव. डॉक्टरांनी सर्दीवर तीन गोळ्या दिल्या तेव्हा त्यांनी रोज एकेकच घेतली, कोणती लागू पडते ते कळावं म्हणून. सर्दी गोळ्यांची वाट न बघता आपणहून गेली. प्रयोग फसला म्हणून साडू दोन दिवस घुश्शात होते.

कॅमेरा म्हातारा होत गेला तशी त्यांची तरतरी वाढली. भर दुपारी ते गच्चीवर कॅमेऱ्याला झाकण लावून फोटो काढत बसत. एकदा अक्का चहा घेऊन आली आणि बघत राहिली.

"झाकन लाईसन कसाना फोटो काढी ऱ्हायनात तुम्हीन?"

"अंधारना."

"अंधार ते लाइट गई का घरमाबी ऱ्हास," म्हणून ती चहा ठेवून निघून गेली. कॅमेऱ्याचे स्वतःचे डाग अंधाराच्या फोटोतच उमटतात आणि मग ते आकाशातून वजा करता येतात, हे त्यांनी मला सांगितलं. तिला सांगायचं धाडस त्यांनी केलं नाही.

हा कॅमेरा आतून बर्फापेक्षा थंड ठेवावा लागतो, म्हणून त्याच्या पोटात ओल शोषून घेणारे मणी असतात. पावसाळ्यात ते भिजले आणि फोटोवर बर्फाची जाळी धरू लागली. मणी कडक तापवून वाळवायचे होते. आता आमच्याकडे वाळवायचं म्हटलं की माणसाला एकच जागा सुचते. साडूंनी ते वर्तमानपत्रावर पसरून दोन दिवस मिरच्या वाळवायच्या पथारीवर ठेवले, लाल मिरच्यांच्या मधोमध. मग परत कॅमेऱ्यात भरले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन, लगेच या, ताऱ्याशेजारी कडी दिसतेय. मी पहिल्या बसने गेलो. कडी खरोखर होती. पण नुसत्या पांढऱ्या चादरीचा फोटो काढला तर त्यातही ती त्याच जागी. म्हणजे ती आकाशातली नव्हे, कॅमेऱ्यातली. साडूंनी झाकण उघडलं, फुंकर मारली, आणि पुढची पाच मिनिटं आम्ही दोघं शिंकत होतो. डोळ्यांतून पाणी वाहत असताना त्यांचा चेहरा मात्र लग्नघरासारखा फुलला होता. बिघाड सापडला होता. अक्का जिन्यातून म्हणाली, "आते मसालाना डब्बामा तारा शोधा."

त्यांच्या मुलीने सुरतहून नवा कॅमेरा पाठवला त्या दिवशी मात्र मी त्यांना पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. दोन कॅमेऱ्यांची नजर सारखी नसते. एकाच ताऱ्याला दोघे वेगवेगळा आकडा देतात. तो फरक कळला नाही तर जुनी वही आणि नवी वही जोडताच येणार नाही. आणि जुना तर आता वायर हलली तरी बंद पडत होता.

"साडूभाऊ, याले आखो सात दिन जगाडनं शे," ते म्हणाले. "दोन्हीस्नी संगेच एकच तारा देखाले जोयजे. नहीं ते मन्हं बारा वरीसनं काम वाया."

मी रजा टाकली आणि मुक्कामालाच गेलो. रोज संध्याकाळी आधी जुना, मग नवा. तिसऱ्या दिवशी जुन्याचा पंखा थांबला. कॅमेरा तापू लागला तेव्हा अक्का सूप घेऊन वर आली आणि वारा घालत बसली. पाचव्या दिवशी वायर मी हाताने धरून ठेवली. मिनिटभर श्वाससुद्धा जपून घेत होतो. सातव्या संध्याकाळचा फोटो आला तेव्हा साडूंनी माझी पाठ इतकी थोपटली की दुसऱ्या दिवशीही दुखत होती. आठव्या दिवशी जुना सुरूच झाला नाही.

त्यांनी सातही फरक एकाखाली एक मांडले. ते जवळजवळ सारखे होते. मग वहीच्या पुठ्ठ्याच्या आत, नव्या कॅमेऱ्याच्या आकड्यात किती मिळवायचं ते शाईने लिहून त्याभोवती चौकट काढली, आणि अख्ख्या गल्लीत गूळ वाटला. कशाचा, ते कुणालाच नीट कळलं नाही.

नव्या कॅमेऱ्याबरोबर त्यांना तीनच आठवडे मिळाले.

तेराव्यानंतर चार दिवसांनी अक्काचा फोन आला. "भाऊ, आभाय मोकयं शे," एवढंच म्हणाली. मी गेलो. आभाळ खरंच मोकळं होतं. तारा मंदावलेला होता, पण होता.

वहीत त्यांच्यानंतरच्या एकोणीस नोंदी माझ्या अक्षरात आहेत.