शिवंला शिवायचं न्हाय

मगदूम सर गेल्याचं मला फ्लेक्सनं कळलं. आमच्या कोल्हापुरात वाढदिवस असो की मरण, चौकात फ्लेक्स लागल्याशिवाय ते झालं असं कुणी मानतच नाही. सकाळी कॉलेजला निघाले होते, सिग्नलला गाडी थांबवून मान वर केली, तर सर हसत होते. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', त्याखाली ज्या क्लासमध्ये ते शेवटी शिकवायचे त्याचं नाव, आणि मधोमध लाल अक्षरांत एक वाक्य... 'शिवंला शिवायचं न्हाय'. त्याच्याखाली, 'मगदूम सरांचा मंत्र'. खरं सांगते, आधी डोळ्यांत पाणी आलं नाही. आधी तळपायाची आग मस्तकात गेली. मागचा रिक्षावाला "ओ बाई, हिरवा पडलाय की" म्हणून ओरडला, तेव्हा कुठं लक्षात आलं की माणूस गेलाय आणि मी त्याच्या फ्लेक्सशी भांडत उभी आहे. त्याला आता महिना होऊन गेला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मी चांगलं बोलणारच आहे, पण खरंही बोलणार आहे.

मी या ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायला लागले तेव्हा ते आमच्या विभागातले थोरले. शिरोळकडच्या जैन शेतकरी घरातले, घरात निम्मी कानडी. सगळे शिक्षक त्यांना आण्णा म्हणायचे, मीही म्हणू लागले. ते मला 'तंगी' म्हणायचे. कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण, पण स्टाफरूममध्ये हे कुणाला ठाऊक? "बाईंना पगार पुरत नाही वाटतं," म्हणून सगळे दात काढायचे. आण्णा मात्र शांतपणे म्हणायचे, "व्हय, माणसांची तंगी हाय हितं, म्हणून तर बहीण केली." मला सख्खा भाऊ नाही. त्या एका शब्दावर मी किती भाळले असेन, ते ज्यांना भाऊ आहेत त्यांना नाही कळायचं.

अकरावीला कॅल्क्युलस सुरू झालं की वर्गाच्या चेहऱ्यावरचा दिवा मालवायचा. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली, शाहूवाडीच्या डोंगरातून, कागलच्या खेड्यांतून आलेली पोरं. त्यांच्या डोक्यावर आम्ही पहिल्याच दिवशी लिमिटची सूत्रं ओतायचो. पोरं पाठ करायची, मार्कही पाडायची, आणि कळायचं काहीच नाही. एका वर्षी आम्ही दोघांनी ठरवलं की बास. हा सगळा भाग आपण नव्यानं बांधायचा. दर शनिवारी अर्ध्या दिवसानं कॉलेज सुटलं की वरच्या मजल्यावरच्या गणिताच्या खोलीत बसायचं. आण्णा जयसिंगपूरचं भडंग स्टीलच्या डब्यात घेऊन यायचे. आधी काय, मग काय, कुठल्या उदाहरणानं दार उघडायचं, यावर आम्ही कचाकचा भांडायचो. वेग शिकवायला घाट चढणारी एसटी त्यांची. संकलनाला, म्हणजे इंटिग्रेशनला, माझ्या गावची भाताची खाचरं माझी... डोंगराच्या वाकड्या उताराखालचं क्षेत्रफळ काढायचं तर खाचरांच्या पायऱ्या मोजायच्या आणि पायऱ्या अरुंद करत जायचं. ते ऐकून आण्णा म्हणाले, "तुमच्याकडं डोंगर हाय, तंगी. आमच्या शिरोळात सगळं सपाट, डेरिव्हेटिव्ह शून्य." भडंगाचा ठसका लागेपर्यंत हसलो होतो.

लिमिटवर मात्र गाडी अडली. एक्स हा ए-च्या जवळ जातो, हवा तितका जवळ जातो, पण ए होत नाही. पोरं सरळ किंमत टाकून मोकळी व्हायची आणि खाली शून्य आलं की रडायची. तेव्हा मी आण्णांना आमच्या आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची गोष्ट सांगितली. मी शिकायला कोल्हापूरला निघाले की आबा गावच्या शिवेपर्यंत सोडायला यायचे. शिवेवर एक दगड आहे. आमच्या घरात रीत अशी, की पोचवायला आलेल्यानं त्या दगडाला हात लावायचा नाही. लावला तर जाणाऱ्याचा पाय मागं ओढतो. आबा दगडाच्या अगदी जवळ यायचे, दर खेपेला वाटायचं आता टेकतोय हात, आणि तिथंच थांबायचे. म्हणायचे, "शिवंला शिवायचं न्हाय. जा तू." आण्णांनी भडंगाची मूठ तशीच धरून ठेवली होती. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. किती अलीकडं थांबायचे? थांबल्यावर हात कुठं ठेवायचे? तू वळून बघायचीस का? मला वाटलं, आलेखासाठीच विचारतायत.

सोमवारी त्याच खोलीत मी ती गोष्ट वर्गाला सांगितली आणि आण्णांनी आलेख काढला. जिथं फंक्शन पोचत नाही तिथं पोकळ गोल काढतात, टिकलीएवढा. आण्णांनी भडंगाच्या डब्याचं झाकण फळ्यावर टेकवलं आणि त्याभोवती खडू फिरवला. मी म्हटलं, "आण्णा, भोक एवढं मोठं?" तर म्हणाले, "मागच्या बाकावरच्याला दिसाय पायजे की." त्या दिवसापासून ते झाकण खोलीतच राहिलं. पुढं कितीतरी वर्षं पोरं कॉलेज सोडून गेल्यावरही रस्त्यात भेटली की नमस्काराऐवजी म्हणायची, "मॅडम, शिवंला शिवायचं न्हाय." आबा वारले तेव्हाही मला वाटलं होतं, चला, या खोलीत तरी आहेत.

मग व्यवस्थापनाच्या डोक्यात आलं की बारावीचं शिकवणं एका मोठ्या क्लासच्या हवाली करावं. पोरं नावाला आमची, शिकवणार ते. आमचं सगळं मोडणार होतं. आण्णा म्हणाले, "सोमवारी दोघं जाऊन तोंडावर सांगू, जमणार न्हाय." सोमवारी मी प्राचार्यांच्या दाराबाहेर उभी राहिले. आण्णा आले नाहीत. शिपायानं सांगितलं, सरांनी शनिवारीच राजीनामा दिलाय, त्याच क्लासमध्ये जाणार आहेत. शनिवारी! म्हणजे माझ्यासमोर भडंग खाऊन, खाली उतरून. चांगल्या नोकरीसाठी गेले असते तर मी चार दिवस फुगून बसले असते आणि मग पेढे मागितले असते. पण जूनमध्ये क्लासच्या ॲपवर त्यांची व्हिडिओमाला आली. एसटी होती, खाचरं होती, क्रम आमचाच होता. आणि लिमिटच्या धड्यात आण्णा कॅमेऱ्याकडं बघत म्हणाले, "मी शिकायला निघालो की माझे वडील मला शिवेपर्यंत सोडायला यायचे..."

माझे वडील! शिरोळच्या सपाटीवर! मी तिथल्या तिथं फोन लावला. एवढंच विचारलं, "आण्णा, माझे आबा तुमचे कधी झाले?" ते म्हणाले, "तंगी, पोरांपर्यंत पोचतंय न्हवं? बाप कुणाचा हे कोण इचारतंय?" मी फोन ठेवला. नंतर एकदाच गाठ पडली, जयसिंगपूरच्या एसटी स्टँडवर. त्यांनी लांबूनच "तंगी" म्हणून हाक मारली. मी म्हटलं, "नमस्कार, मगदूम सर." त्यांचा चेहरा पडला. मला बरं वाटलं, आणि आजही त्याची लाज वाटत नाही.

शोकसभेत एका माजी विद्यार्थिनीनं तीच गोष्ट सांगितली. सरांचे वडील, शिवेचा दगड, थांबलेला हात. सभागृहात लोक डोळे पुसत होते आणि मी पहिल्या रांगेत माझ्या बापाचं दुसऱ्याच्या नावावर कौतुक ऐकत बसले होते. सभा संपल्यावर त्यांच्या पत्नी, अक्का, माझ्याजवळ आल्या. माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "तुमचं आबा हुतं न्हवं ते? मला ठावं हाय. ह्यांनी बाप बघितलाच न्हाई. ह्ये पाळण्यात असतानाच त्ये गेलतं." घरी येईपर्यंत माझं मन वितळेल असं वाटलं होतं, पण झालं उलटंच. इतके शनिवार एका डब्यातलं खाल्लं, माझा बाप मी त्यांच्यासमोर हाता-पायांच्या जागांसकट मांडला, आणि स्वतःला बाप नव्हता हे ते एकदाही बोलले नाहीत? मागितला असता तर दिला नसता का मी? वाक्य चोरलं त्याचा राग कधीतरी जाईल. बहीण म्हणून मला एवढंही सांगितलं नाही, ते कसं जायचं...

परवा अकरावीला लिमिट सुरू केलं. वरचीच खोली. मी आबांची गोष्ट सांगितली, तर पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हे मगदूम सरांचं हाय की. ॲपवर हाय." तिचा काय दोष? मी म्हटलं, "न्हाय. हे माझ्या बापाचं हाय." ती मुलगी चांगलीच धीट, तिनं विचारलं, "मग सरांचं काय हाय?" मी टेबलाचा खण उघडला, झाकण काढलं आणि दाखवलं. "हे झाकण." मग ते फळ्यावर टेकवलं, खडू फिरवला. मागून कुणीतरी हसत म्हणालं, "मॅडम, भोक एवढं मोठं?" आणि मी काही ठरवायच्या आत तोंडून निघून गेलं, "मागच्या बाकावरच्याला दिसाय पायजे की."

पोरं हसली. मी खडू खाली ठेवला. ज्याचं त्याला देऊन टाकावं म्हणून म्हटलं, "हे वाक्य मात्र आण्णांचं."

आण्णा कोण, ते वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं.