पहिल्या मॅचची माती

इथे आखातात, अल सद्द स्टेशनहून मेट्रोत चढलो तेव्हा शेजारी बसलेले पांढऱ्या दाढीचे चाचा मोबाइलवर अमेरिकेतली बेसबॉलची मॅच बघत होते. नव्या मोसमातली पहिलीच. गोलंदाज चेंडू फेकायला पाय उचलायचा, तेव्हा चाचा आपली चप्पल डब्याच्या फरशीवर घट्ट दाबायचे आणि पुटपुटायचे, "सांभाळ रे."

मराठी ऐकून मी विचारलं, "तुमचा मुलगा खेळतो?"

"नाय. ज्या मातीवरून हा चेंडू फेकतो ना, ती माझा मुलगा तयार करतो. नोकरी नवीन आहे. कुणाचा पाय घसरला तर खलास."

"अजून किती मॅच आहेत?"

"सहा महिने, जवळजवळ रोज."

माझं स्टेशन आलं. मी उठलो नाही. गोलंदाजाने पुन्हा पाय उचलला होता.