टेपताईंच्या हाती किल्ली

गळ्यात मापाची टेप नसेल तर शेजारीही ओळखणार नाहीत, म्हणून त्या टेपताई. रेडिमेड कपडे ज्यांना बसत नाहीत अशांचे कपडे त्या शिवतात. कुणाचा एक खांदा उतरलेला असतो, कुणाची पाठ वाकलेली. कुठे गादी भरायची आणि कुठे चुणी लपवायची, हे ताईंना ठाऊक. नवरा गेल्यावर त्या धाकट्या भावाकडे राहायला आल्या आणि पुढच्या खोलीत मशीन मांडलं. गिऱ्हाइकांची मापं मशीनशेजारी ठेवलेल्या कॉम्प्युटरवर असत. तो सगळ्या घराचा होता.

भाऊ लोकांना गाडी चालवायला शिकवतो. तोंडाचा फाटका, मनाचा नाही. विजेचं बिल शोधताना त्याच्यासमोर ताईंची फाइल उघडली. दुसऱ्या दिवशी एका बाईंना गिअर शिकवताना त्याने सहज विनोद केला, की ग्रंथपाल बाईंच्या डाव्या खांद्यात म्हणे दोन बोटं कापूस भरावा लागतो. शिकायला आलेल्या बाई ग्रंथपालांच्या जाऊबाई निघाल्या. आठवड्याच्या आत ग्रंथपाल आल्या, न कापलेलं कापड मागून घेतलं आणि एक शब्द न बोलता गेल्या.

"ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं," टेपताई सांगतात. या कामात गिऱ्हाईक कापडाआधी आपला संकोच हवाली करतं. बोभाटा झाला असता तर मशीन गुंडाळून ठेवावं लागलं असतं.

भाची, म्हणजे भावाची मुलगी, कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. तिने घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही नवी यंत्रणा घातली आणि चौघांना वेगळी खाती करून दिली. पण ही घराची किल्ली वर्षानुवर्षं मीटरमागच्या खिळ्याला अडकवणारी माणसं. कुणी अडून राहू नये म्हणून भावाने चारही खात्यांना एकच पासवर्ड ठरवला. भाचीने कपाळाला हात लावला आणि ज्याचा त्याला वेगळा पासवर्ड घालायला लावला.

मग तिने खरी मेख सांगितली. या यंत्रणेत एका खात्याला मुख्य अधिकार असतो. तो ज्याच्याकडे, त्याला कुणाचंही खातं उघडता येतं. घर माझं, म्हणजे अधिकार माझ्याकडे, असं धरून भाऊ खुर्चीत बसलाच होता. भावजय भांडी पुसत होती.

"ज्याला झाकायचंय त्याच्याकडे किल्ली द्या," ती म्हणाली. "तुमच्याकडे झाकण्यासारखं आहे काय? पोट?"

भाऊ हसला आणि त्याने उठून ताईंना खुर्ची दिली.

पुढे तो स्वतः ग्रंथालयात जाऊन माफी मागून आला. त्याच्या मागून टेपताई गेल्या आणि मापं आता आपल्याखेरीज कुणाला उघडता येत नाहीत, एवढंच सांगून परतल्या. ग्रंथपालांनी परत येण्याचं काही कबूल केलं नाही. पण थंडी सुरू झाल्यावर त्या आल्या. पिशवीत तेच कापड होतं.

भाऊ अजूनही पासवर्ड विसरतो आणि मशीनजवळ येऊन उभा राहतो. "ताई, दार उघड." ताई त्याचं खातं मोकळं करतात आणि तो नवा पासवर्ड घालेपर्यंत भिंतीकडे तोंड करून बसतात.

"भावाने आसरा दिला, त्याचे उपकार आहेतच," त्या म्हणतात. "पण किल्ली भावजयीने दिली. ती मागायचं मला सुचलंही नसतं."